कडब्याचा वाटा

गेल्या फाल्गुनात वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी चुलत्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, गव्हात हार्वेस्टर लावला होता. दव उडाल्यावर यंत्र रानात उतरले आणि ज्या कामात पूर्वी घरातली सगळी माणसे आठवडाभर गुंतून पडत, ते दुपारच्या जेवणाआधी उरकले. गहू ट्रॉलीत पडत होता आणि यंत्राच्या मागून तुटलेले काड पिवळ्या धुरळ्यासह उडून रानभर पसरत होते. अण्णा बांधावर उभे होते आणि त्यांच्या काखेत घडी घातलेली ताडपत्री होती. यंत्र वळणावर थांबले तेव्हा त्यांनी पुढे होऊन चालकाला विचारले, “भुसकट एका जागी पडत न्हाई का ओ ह्यातनं?” चालक तरुण पोरगा होता, बोलायला नम्र होता. तो म्हणाला, “अण्णा, दाणं मिळालं न्हवं? त्या काडाचं आता काय करताय? वारं पडल्यावर सांजंला काडी लावा, रान मोकळं हुतंय.” अण्णांनी मान हलवली, ती होकारार्थी होती की नकारार्थी हे मला कळले नाही. ताडपत्री त्यांनी उलगडलीच नाही. ती तशीच काखेत धरून ते घराकडे निघाले.

त्या पोराचा सल्ला काही वावगा नव्हता. आसपासच्या चार रानांत तसेच झाले होते, आणि पुढचे पीक घ्यायचे तर रान लवकर मोकळे व्हायला हवे, मजूर मिळत नाहीत, गोठ्यात आता दोनच जनावरे आहेत, हे सगळे मलाही दिसत होते. तरीही त्याचे बोलणे मनातून जाईना. गहू म्हणजे दाणे आणि बाकी सगळे वाटेतला अडथळा, असा हिशेब त्याने इतक्या सहजपणे मांडला होता की तो नेमका कधीपासून आपल्या सगळ्यांचाच झाला, याचा शोध घ्यावासा वाटू लागला.

माझ्या लहानपणी खळ्यावर मळणीसाठी फिरणारी बैलांची पात जवळजवळ संपली होती आणि मळणी यंत्र आले होते. पण मळणी यंत्राच्याही दोन बाजू होत्या. एका तोंडाखाली पोती, दुसऱ्या तोंडासमोर ताडपत्री. आणि ताडपत्रीच्या बाजूला उभे राहणारे माणूस अधिक जाणते असे. वारा कुठून आहे ते पाहून यंत्र उभे करायचे, भुसकट उडून शेजाऱ्याच्या विहिरीत जाणार नाही असे बघायचे, ढीग वाढला की मागे ओढायचा. बायका डोक्यापासून नाकापर्यंत पदर बांधून त्या ढिगात शिरत आणि संध्याकाळी त्यांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झालेल्या असत. गव्हाची कूस कपड्यांत शिरून दोन-दोन दिवस अंगाला खाजत राही. तो त्रास मी विसरलेलो नाही, आणि यंत्राने तो संपवला याचा मला आनंदच आहे. पण त्या ढिगातले काहीही वाया जात नव्हते हेही मी पाहिले आहे. मऊ भुसकट हिरव्या वैरणीत मिसळून म्हशीपुढे जाई, जाड काड पावसाळ्यात गोठ्यातल्या चिखलावर पसरले जाई, आणि अगदी तळाचा चुरा आजी शेणात कालवी, कारण चुऱ्यावाचून शेणी वाळताना तडकते आणि चुलीत नीट पेटत नाही. गोठ्यात पसरलेले काड मूत पिऊन, तुडवले जाऊन उकिरड्यात जाई आणि पुढच्या वर्षी खत होऊन रानात परत येई.

अर्थात गव्हाचे भुसकट आमच्याकडे कधीच मानाची वैरण नव्हते. मान होता तो कडब्याला, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांना.

कडबा खऱ्या अर्थाने पाहायचा तर कृष्णाकाठ सोडून पूर्वेला जावे लागते. माझे आजोळ आटपाडी तालुक्यात आहे, आणि जत, कवठेमहांकाळ, तसेच पलीकडे साताऱ्यातला माण-खटाव हा सगळाच भाग रब्बी ज्वारीचा. तिथे शाळू, म्हणजे ही रब्बी ज्वारी, कापत नाहीत, उपटतात. काळ्या रानात जमीन भेगाळलेली असते आणि ताट मुळासकट खेचताना कमरेपासून जोर लावावा लागतो. पहिल्या दिवशी तळहात लाल होतात, दुसऱ्या दिवशी फोड येतात, मग फडके गुंडाळून काम चालू राहते. मामी मला सांगत असे की पाटात पाणी असलेल्या बायकांना हे काम जमायचे नाही, आणि त्यात थोडा अभिमान असे, थोडी खंतही. उपटलेली ताटे चार दिवस उन्हात पसरायची, मग ओल्या दवात भल्या पहाटे पेंढ्या बांधायच्या, कारण ऊन चढल्यावर पाने मोडून हातात चुरा येतो. पेंढी बांधायला दोरी लागत नाही, ज्वारीच्याच ताटांना पीळ देऊन आवळतात. कणसे खुडून मळणीला जातात आणि मग खरे कौशल्याचे काम सुरू होते, ते गंज रचण्याचे. बुडखे बाहेर, शेंडे आत, मधला भाग उंच ठेवत थरावर थर चढवत न्यायचे आणि वर अशी उतरण द्यायची की मृगाचा पाऊस आत न झिरपता बाहेरच्या बाहेर ओघळून जावा. चांगल्या रचलेल्या गंजीतली पेंढी वर्षानेही ओढली तर आतून फिकट हिरवी निघते आणि तिला गोडसर, किंचित आंबूस वास असतो. बिघडलेली गंज मात्र लांबून ओळखू येते. बुरशीचा वास नाकात बसतो आणि बैल त्या पेंढीला तोंड लावून मान फिरवतो.

आजोबा ज्वारीचे पीक बघायला गेले की आधी कणीस बघत नसत. ताटाची उंची आणि कांड्यातला रस बघत. एक ताट मोडून चावत आणि मग कणसाकडे वळत. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात या भागात इतकी वर्षे टिकून राहिली, यामागे भाकरीची चव आहे तसाच तिचा उंच, गोड कडबाही आहे. १९६४ साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण सीएसएच-१ आला. तो बुटका होता, लवकर येणारा होता, दाणा भरपूर देणारा होता, आणि खरिपात त्याने धान्य वाढवले यात शंका नाही. पण बुटक्या पिकाचा कडबाही बुटकाच. त्या काळात गव्हाच्याही बुटक्या जाती आल्या. खत जास्त दिले तरी त्या लोळत नसत, कारण झाडाने उंचीत घालवायची ताकद कणसात घातलेली असे. भुकेल्या देशाला दाणा हवा होता आणि त्याचे मोल मला कमी करायचे नाही. मात्र जिथे पाऊस चार वर्षांत दोनदा दगा देतो, तिथल्या माणसाला दाणा आणि वैरण यांतले एक निवडता येत नाही. दाणा बाजारातून किंवा रेशनवर आणता येतो. बैलापुढे टाकायची पेंढी कुठल्याच रेशनच्या दुकानात मिळत नाही.

वैरणीची ही काळजी काही आजची नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या आपल्या लष्करी तळाला पाठवलेले पत्र आपण सगळे रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी लक्षात ठेवतो. पण त्या पत्राचा मोठा भाग दाण्याचा आणि गवताचा आहे. साठवलेली वैरण आत्ताच मनमानी खर्च केली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग लोक रयतेच्या घरात शिरतील, अशी कारणांची साखळी त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. पेटता दिवा रात्री ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत तो विचार गेलेला आहे. राज्य चालवणाऱ्या माणसाने गवताच्या गंजीजवळच्या उंदराचा विचार करावा, याचे मला शाळेत असताना आश्चर्य वाटले होते. आजोळची गंज आणि तिच्यापासून हातभर लांब ठेवलेला कंदील आठवला की आता त्यात नवल वाटत नाही.

१९७२ च्या दुष्काळात आजोबांनी खिलारी बैलांची जोडी विकली होती. पैसे नव्हते म्हणून नव्हे, कडबा संपला म्हणून. ज्यांची गंज उरली होती त्यांचे बैल वाचले, आणि पुढच्या पेरणीला ज्यांच्याकडे बैल होते त्यांचीच राने वेळेवर पेरली गेली. एका गंजीचा परिणाम असा दोन-तीन वर्षे पुढे चालत राही. २०१९ साली म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चालवलेली चारा छावणी पाहायला गेलो, तेव्हा तेच गणित वेगळ्या रूपात दिसले. सगळ्या घरांतली माणसे जनावरांपाठोपाठ छावणीत येऊन राहिली होती. ओळीने दावणी, वर शेडनेट, आणि खायला ऊस. ऊस तोडून छावणीत आणायचा आणि गुरांनी खायचा, हे दृश्य मला बघवेना, पण त्यावाचून दुसरे काय करणार होते? एक म्हातारे गृहस्थ आपल्या गाईपुढे उसाच्या कांड्या मोडून टाकत होते. मी कडब्याचा विषय काढला तर म्हणाले, “कडबा आता कर्नाटकातनं येतोय आन् सोन्याच्या भावानं येतोय. आमच्या रानात डाळिंब हाय. डाळिंबाला ताट नसतं.” त्यांच्या सुरात तक्रार नव्हती. डाळिंबाने त्यांचे घर बांधले होते, पोरीचे शिक्षण केले होते, आणि गाय छावणीत आणली होती.

पश्चिमेला, सह्याद्रीच्या अंगाला, गोष्ट निराळी आहे. पाटण, जावळी आणि आमच्या जिल्ह्यातला शिराळा या भागांत भाताचा पेंढा. तो जनावरांना घालतात, पण भातकाडात वाळूचाच अंश असलेली सिलिका भरपूर असते, त्यामुळे ते पचायला जड आणि अंगी लागायला कमी. पण सिलिकेमुळेच पेंढा लवकर कुजत नाही, आणि म्हणून इतर कामांना तो फार उपयोगी पडतो. आंब्याची अढी त्याच्यात घालायची, कारण पेंढ्याच्या थरांत ऊब धरून राहते, हवा खेळती राहते आणि फळाला फळ घासत नाही. अढी उघडताना येणारा तो दाट, पिवळा वास नुसता आंब्याचा नसतो, त्यात पेंढ्याचा कोरडा वासही मिसळलेला असतो. पुठ्ठ्याच्या पेटीत पिकलेल्या आंब्याला तो मला कधी आला नाही. घराच्या भिंतींनाही हेच काड लागे. पांढरीच्या मातीत तोडलेले काड टाकून, पाणी सोडून चिखल पायांनी तुडवायचा, काही दिवस मुरवायचा आणि मग गिलावा करायचा. माती वाळताना आकसते आणि तडे जातात. काडाचे धागे ते ताण धरून ठेवतात. आमच्या जुन्या घराची मागची भिंत पाडली तेव्हा ढेकळांतून निघालेले काड तसेच सोनेरी होते. ज्यांनी ते तुडवले होते, त्यांतले कोणी हयात नव्हते.

एक उपयोग मात्र असा आहे की तो आठवला की मन अजून दुभंगते.

मी दहा-बारा वर्षांचा असताना आमच्या म्हशीचे रेडकू आठवड्याभरात दगावले. म्हैस पान्हा चोरू लागली. घरात दुधावर चालणारा संसार, डेअरीचे उचललेले पैसे, आणि म्हैस कासेला हात लावू देईना. मग रेडकाचे कातडे आणले गेले, त्यात भाताचा पेंढा ठासून भरला, आणि सुतळीने शिवून भोत तयार केले. चुलतीने त्याच्या पाठीवर मीठ चोळले आणि ते म्हशीपुढे उभे केले. म्हैस आधी हुंगत राहिली, मग चाटू लागली, आणि चाटता चाटता तिने पान्हा सोडला. चुलती धार काढत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पुढे कित्येक महिने ते भोत गोठ्याच्या कोपऱ्यात उभे असे. त्याच्या पाठीवरचे केस चाटून चाटून गेले, शिवण उसवून पेंढा बाहेर डोकावू लागला, तरी म्हैस त्याच्याकडेच तोंड करून उभी राही. हे तिला फसवणे होते की तिला दिलेला थोडा आधार होता, याचा निवाडा मला आजवर करता आलेला नाही. नंतर पान्हवायची इंजेक्शने आली, काही गोठ्यांत ती राजरोस टोचली गेली, आणि भोत करणारे हात उरले नाहीत. इंजेक्शनापेक्षा ते पेंढ्याचे रेडकू मला अधिक माणुसकीचे वाटते, एवढे मात्र मी ठामपणे म्हणेन.

आता आमच्या कृष्णाकाठी ज्वारीही नाही आणि भातही फारसा नाही. ऊस आहे, आणि उसाबरोबर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, आहे. जानेवारी-फेब्रुवारीत कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत संध्याकाळी प्रवास केला तर नदीच्या दोन्ही अंगांना आगीच्या रांगा दिसतात आणि सकाळी वाळत घातलेल्या धोतरांवर काळी भुरभुर पडलेली असते. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्का नत्र, थोडे स्फुरद, टक्क्याच्या आसपास पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. जाळल्यावर कर्ब आणि नत्र धुरातून निघून जातात, वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात, आणि मग तेच नत्र आपण युरियाच्या गोणीतून विकत आणतो. फलटण तालुक्यातल्या पाडेगावला १९३२ पासून उसाचे संशोधन केंद्र आहे आणि पाचट न जाळता सरीत ठेवण्याची पद्धत आता गावोगाव माहीत आहे: बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सऱ्यांत दाबायचे, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू खत टाकायचे आणि पाणी द्यायचे. ज्यांनी हे केले त्यांच्या रानात पाण्याची पाळी लांबली तरी खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, सुकत नाही, तण कमी उगवते आणि पाचट उचलून पाहिले की खाली गांडुळांची माती दिसते.

तरीही लोक जाळतात. त्यांना नावे ठेवून हा विषय संपवणे मला मान्य नाही. पाचटात उंदीर होतात, साप येतात, पाटाचे पाणी सरीत अडते, आणि रात्रीच्या विजेवर पाणी पाजणाऱ्या माणसाला गुडघाभर पाचटात पाय टाकायचा असतो. शेजाऱ्याने पेटवलेल्या आगीची ठिणगी आपल्या पाचटात आली तर खोडवाही जातो. शिवाय काड नुसते मातीत गाडले म्हणजे काम झाले असेही नाही. गव्हाच्या काडात कर्ब नत्राच्या सुमारे ८० पट असतो. ते कुजवणारे जिवाणू आपली भूक भागवण्यासाठी मातीतले नत्र उचलतात आणि त्या काळात पेरलेले पीक पिवळे पडते. एकदा असे पिवळे पडलेले रान पाहिले की शेतकरी दुसऱ्या वर्षी काडेपेटी घेऊनच जातो. वरून युरिया का टाकायचा याचे हे कारण त्याला बांधावर उभे राहून कोणी सांगितलेले नसते.

अण्णांनी त्या दिवशी काडी लावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि चुलती दाताळे घेऊन रानात गेले आणि जेवढे गोळा झाले तेवढे काड ओढून आणले. उरलेले रोटाव्हेटरने मातीत घातले. आणलेल्या काडावर आम्ही युरियाची प्रक्रिया केली: १०० किलो काडाला ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाण्यात विरघळवून, थराथराने शिंपडून, तुडवून, वर ताडपत्री घट्ट बांधून २१ दिवस झाकून ठेवायचे. आत अमोनिया तयार होतो आणि काडाचे कठीण बांध सैल करतो. प्रथिने सुमारे ३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांच्या आसपास जातात. उघडल्यावर असा तीव्र वास येतो की डोळ्यांत पाणी उभे राहते, म्हणून ते काही वेळ हवेला पसरावे लागते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना ते अजिबात घालायचे नसते. म्हशीने पहिले दोन दिवस नाक मुरडले, मग खाऊ लागली. याच काडाचा थोडा भाग भावजयीने धिंगरी अळिंबीसाठी मागून घेतला. भिजवून, गरम पाण्यातून काढून, बियाण्याचे थर देत पिशव्या भरायच्या. तीनेक आठवड्यांत पिशवीच्या भोकांतून करड्या-पांढऱ्या छत्र्या बाहेर येतात. उरलेली पिशवी गांडूळखतात जाते. चालकाने ज्या काडाचे काय करणार म्हणून विचारले होते, त्याला एका घरातच तीन मागणीदार निघाले होते, आणि तरी अर्धे काड गोळा करायला माणसे कमीच पडली. अडचण उपयोगांची कधीच नव्हती. ती हातांची आहे, आणि ज्या हातांना हे काम करावे लागते त्यांना मिळणाऱ्या मोबदल्याची आहे.

यंदा माघात आजोळी गेलो होतो. मामेभावाने डाळिंबाची जुनी बाग काढून एका तुकड्यात पुन्हा शाळू केला आहे आणि उपटायला बायका ठरवायच्या होत्या. शेजारच्या वाडीवरच्या चौघी-पाचजणी अंगणात येऊन बसल्या. भावाने दिवसाचा रोज सांगितला आणि तो कमी नव्हता. त्यांतली वयाने मोठी बाई म्हणाली, “पैसं नगं, दादा. दारात दोन म्हशी हायत्या. पाचवी पेंढी आमची.” भाऊ म्हणाला, सहावी देतो. ती म्हणाली, मागल्या वर्षी कडबा काय भावानं घेतला ते तुमाला ठावं न्हाई, आमाला ठावं हाय. आन् पेंढी आमी बांधणार, तवा बारीक बांधली म्हणून तुमी ओरडायचं न्हाई. मामी आतून भांडी घासता घासता हे ऐकत होती. ती दारात आली आणि भावाला म्हणाली, “पाचवी दे. तुला गंज तरी रचता येतीया का? ते बी ह्यांनाच करायचं हाय.” मग रचण्याचे वेगळे ठरले, दुपारच्या भाकरीचे ठरले, आणि सोमवारी पहाटे दव असतानाच यायचे असे सांगून बायका उठल्या.